वखारीखालची गल्ली

ताई : तिथून ओरडू नकोस, खाली उतर. शिडी लावलेली आहे.

धाकटी : शिडी दिसते आहे. माझ्या पायांतले सँडल तुला दिसत नाहीत का? जे काय असेल ते वरूनच ऐकते. फोनवर असा आवाज लावलास की हातातलं काम टाकून धावत आले. म्हटलं, अप्पांना काही झालं.

ताई : अप्पा ठणठणीत आहेत. मला एवढंच सांग, तुमच्या बिल्डरची माणसं या खड्ड्यात कधी उतरली होती?

धाकटी : वा! म्हणजे सख्ख्या बहिणीला भर कामातून उठवून आणलं ते चौकशीला. मग आरोपीला बसायला खुर्ची तरी दे.

ताई : थट्टा नको, चिमे. उतरली होती की नाही?

धाकटी : नाही.

ताई : विचारून सांग.

धाकटी : कुणाला विचारू? पत्र्याचं कुंपण तू घातलंस. कुलूप तुझं, राखणदार तुझा, किल्ली तुझ्या गळ्यात मंगळसूत्रासारखी. आमच्या साहेबांनाही आत यायचं तर तुझ्या नाकदुऱ्या काढाव्या लागतात. इथे येणाऱ्या इमारतीची मी आर्किटेक्ट, आणि मलाच आज तिसऱ्यांदा आत घेतलंस. झालंय तरी काय?

ताई : या भिंतीकडे बघ. खड्ड्याच्या. थर कसे दिसतात?

धाकटी : पट्टे पट्टे.

ताई : राख, मग पिवळी माती, मग विटांचा चुरा, पुन्हा राख. चादरी घडी घालून ठेवाव्यात तसे. एकाने दुसऱ्यात पाय घातलेला नाही. आता इकडे ये, या कोपऱ्यात बघ.

धाकटी : इथे पट्टे नाहीत. सगळं एकत्र कालवल्यासारखं दिसतंय.

ताई : कालवलेलंच आहे. कुणीतरी इथे उकरलं आणि पुन्हा बुजवलं. सकाळी मी नुसती थापी टेकवली तर ती मुठीपर्यंत आत गेली. बाकीच्या जागी घाम निघतो.

धाकटी : आणि उद्या सकाळी पुरातत्त्व खात्याची समिती येणार.

ताई : हो.

धाकटी : वखारीखालची जुनी गल्ली अख्खी आहे, शेकडो वर्षांत कुणी हात लावलेला नाही, असं तू सांगितलंस की माझं दोन मजली तळघर गेलं. जागा आधीच उकरलेली निघाली की तुझी गल्ली गेली. म्हणून मीच माणसं पाठवून उकरून ठेवली. असंच ना?

ताई : मी तसं म्हटलेलं नाही.

धाकटी : तू म्हणत नाहीस, तू नुसती बघतेस. लहानपणी घरात काही फुटलं की तुझी नजर आधी माझ्याकडे वळायची.

ताई : कारण फोडणारी तूच असायचीस.

धाकटी : दर वेळी नाही! बरं, संशयच घ्यायचा तर मलाही घेता येतो. उन्हाळ्यात संपणार होतं तुझं काम. दर वेळी नवीन मुदत. साहेब म्हणतात, तुमच्या भगिनींना खापरं सापडतात की त्या खापरं शोधून आणतात?

ताई : काय?

धाकटी : मी नाही म्हणत, ते म्हणतात. आणि ते म्हणतात तेव्हा मी गप्प बसते, कारण चूक माझी आहे. त्यांना शब्द मी दिला होता. खाली काही निघणार नाही, बिनधास्त तळघर घ्या म्हणून सांगितलं. अप्पांच्या खात्याचा जुना शेरा होता ना, या वखारीबद्दल? ‘जागा रिकामी’. त्या शेऱ्यावर भिस्त ठेवून नकाशे काढले. आता तळघर गेलं की माझी खुर्चीही गेली, हे तुला ठाऊक आहे.

ताई : ठाऊक आहे. म्हणून तर विचारलं.

धाकटी : म्हणजे चोर ठरवूनच बसलीस. मग थोडी अक्कलही चालव. ही लाकडाची वखार होती, बरोबर? हिच्यावर सिमेंटचा कोबा होता. तो कुणी फोडला?

ताई : आम्ही.

धाकटी : या कोपऱ्यात तो आधी कुठे फुटलेला होता? नीट आठवून सांग.

ताई : नव्हता. अख्खा होता.

धाकटी : मग आमची माणसं काय कोब्याखालून उंदरांसारखी शिरली? तुझी ती माती कोबा घालायच्या आधीची आहे, बाईसाहेब. तेव्हा मी परकरात होते. सोड आता मला.

ताई : सोडलं.

धाकटी : एवढ्या लवकर? एवढं पटकन ऐकणारी तू नव्हेस. थांब. कोब्याचं तुझ्याही ध्यानात आलं होतं. आलं होतं ना? मग मला कशाला बोलावलंस?

ताई : तूच केलं असतंस तर बरं झालं असतं, म्हणून.

धाकटी : हे काय भलतंच?

ताई : हे घे, बघ. याच कोपऱ्यात हातभर खोल भोक घेतलं, तर तळाशी हे होतं.

धाकटी : नाणं? हे तर आपल्या लहानपणीचं आहे. याच्यात एक गोळी यायची. पडलं असेल कुणाच्या खिशातून.

ताई : पडलेलं नाणं कसंही पडतं. हे अगदी कोपऱ्यात होतं, सपाट, सालाची बाजू वर. ठेवलेलं आहे ते. आमच्या धंद्यात रीत आहे. खड्डा बुजवायच्या आधी तळाला त्या सालचं नाणं ठेवायचं. म्हणजे पुढे कुणी उकरलं तर त्याला कळतं, इथवर आधी एक जण येऊन गेला आहे, आणि अमुक साली. चोर नाणं ठेवत नाही. गवंडी ठेवत नाही. फक्त आमच्यातला माणूस ठेवतो.

धाकटी : साल काय आहे? मला चष्म्याशिवाय दिसत नाही.

ताई : तू दुसरीत होतीस त्या सालचं आहे.

धाकटी : तेव्हा या गावात तुमच्यातला माणूस होता तरी कोण?

ताई : एकच होता.

धाकटी : ताई, काहीतरीच बोलू नकोस. अप्पा? आपले अप्पा? ज्यांनी सरकारी पेन्सिलीने मला कधी गृहपाठ करू दिला नाही?

ताई : रिकामी जागा म्हणून शेरा त्यांचा. आणि खाली नाणं.

धाकटी : दुसरं कुणी असेल. त्यांच्या हाताखालचा कुणी.

ताई : असेल. मलाही तेच हवं आहे. पण एक सांग, माझ्या प्रत्येक कामावर अप्पा आले. ताप असताना आले. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर पट्टी बांधून आले. इथेच का आले नाहीत? कधी गुडघे, कधी धूळ, कधी पाहुणे येणार.

धाकटी : गुडघे? गेल्या महिन्यात माझ्या ऑफिसात जिना चढून आले होते. लिफ्ट बंद होती तरी.

ताई : तुझ्या ऑफिसात? कशाला?

धाकटी : सहज म्हणाले. चहा घेतला, नकाशे बघायला मागितले. मला काय आनंद झाला! जन्मात पहिल्यांदा माझं काम बघायला आले. मग म्हणाले, तळघर या बाजूला कशाला, पलीकडे सरकव. मी म्हटलं, अप्पा, ते चहाच्या कपासारखं सरकवता येत नाही. तरी दोनदा म्हणाले. अगं बाई. हाच कोपरा दाखवत होते.

ताई : बोललीस का नाहीस मला?

धाकटी : तू बोलतेस का माझ्याशी? तू उलटतपासणी घेतेस! आता काय करणार आहेस?

ताई : त्यांना बोलावलं आहे. समितीच्या आधी जुन्या अधिकाऱ्याचं मत हवं, असं सांगितलं. येतीलच.

धाकटी : म्हणजे बापाला सापळा लावलास.

ताई : मला त्यांच्या तोंडून ‘मी नाही’ ऐकायचं आहे. एवढंच. नाण्याचं बोलायचं नाही, कळलं?

धाकटी : मी बोलणार नाही. पण माझा चेहरा बोलेल, त्याला मी काय करू?

(कुंपणाच्या पत्र्यावर काठीची टकटक.)

अप्पा : आहे का कुणी? की दोन्ही लेकी मातीत गाडल्या गेल्या?

धाकटी : या अप्पा. सांभाळून, तिथे दोरी आहे.

अप्पा : तू पण इथे? आज काय दोन देशांमध्ये तह झाला की काय?

धाकटी : सँडल मळवायला आले होते.

ताई : अप्पा, शिडी धरते. उतरताय?

अप्पा : कशाला? इथूनच दिसतंय की सगळं. वा. फरसबंदी सुरेख आहे. मधोमध गटार, उतार कसा काढलाय बघ. आजच्या लोकांना जमत नाही. छान काम केलंस. जागा अख्खी आहे. लिहून टाक आणि घरी जाऊन झोप काढ, डोळे बघ कसे झालेत.

ताई : झालं एवढ्यात?

अप्पा : शितावरून भाताची परीक्षा.

ताई : आणि हा कोपरा?

अप्पा : कुठला?

ताई : तुम्ही ज्याच्याकडे पाठ करून उभे आहात तो.

अप्पा : तो होय. मुळं असतील. झाड असणार इथे एखादं. मुळं कुजली की माती अशीच भुसभुशीत होते.

ताई : मुळं कुजली की माती काळी पडते, हे मला तुम्हीच शिकवलंत. ही काळी नाही.

अप्पा : मी शिकवलं ते सगळं वेदवाक्य नाही.

धाकटी : हे आम्हाला शाळेत असताना सांगायला हवं होतं.

ताई : अप्पा, ही घ्या थापी. वरूनच वाका आणि जरा खरवडून बघा ना.

अप्पा : तू केलं आहेस की नीट.

ताई : आजवर एक खड्डा असा नाही की ज्याच्या भिंतीला तुम्ही थापी लावली नाही. मामाच्या घराचा पाया खणत होते तर तिथेही भर पाहुण्यांत धोतर खोचून उतरला होतात. आई लाजेनं लाल झाली होती. आज हात खिशातून निघत नाही तुमचा.

अप्पा : गार वाटतंय मला.

धाकटी : या उन्हात?

अप्पा : म्हाताऱ्या माणसाला वाटतं. तुम्ही दोघी अशा काय बघताय माझ्याकडे? मत विचारलंत, मी दिलं. अख्खी आहे. संपलं.

ताई : बरं. राहू द्या. तुमचं म्हणणं मुळांचं आहे ना, तर मी आत्ताच पाहते. हा कोपरा जरा पायाने दाबून...

अप्पा : अगं, अगं, तिकडे पाय देऊ नकोस! रांजणांचे काठ ठिसूळ आहेत, वजन सोसणार नाहीत!

धाकटी : कुठले रांजण?

अप्पा : म्हणजे... असतात. अशा गल्ल्यांमध्ये जमिनीत पुरलेले रांजण असतात.

ताई : अशा म्हणजे कशा?

अप्पा : रंगाऱ्यांच्या.

ताई : अप्पा, मला इथे फरसबंदी मिळाली. गटार मिळालं, दोन उंबरे मिळाले. रांजणाचा तुकडाही अजून मिळालेला नाही. ही रंगाऱ्यांची गल्ली आहे, हे मला आत्ता तुमच्याकडून कळतंय.

धाकटी : अप्पा, बसा. त्या पेटीवर बसा. पाणी देऊ?

अप्पा : नको.

धाकटी : ताई, मला हे सहन होत नाही, मी सांगते. अप्पा, तिला नाणं सापडलंय.

अप्पा : ईशान्येच्या कोपऱ्यात?

ताई : हो.

अप्पा : सालाची बाजू वर?

ताई : हो.

अप्पा : मग माझंच. अर्धं बुजवून झालं तेव्हा आठवलं, नाणं राहिलं. पुन्हा सगळं उपसलं, फक्त ते ठेवायला. कुणाला कळू नये म्हणून एकट्याने खणत होतो आणि खूणही मीच ठेवून गेलो. हाताला वळण लागलेलं असतं, तो डोक्याचं ऐकत नाही.

धाकटी : काय हो हे, अप्पा.

अप्पा : ती नुसती थापी पुसते आहे. तिला म्हणावं, बोल काहीतरी.

ताई : काय होतं खाली?

अप्पा : सात रांजण, एका ओळीत, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले. तळाला नीळ होती अजून, वाळून खपली झालेली. ओलं बोट फिरवलं तर बोट निळं झालं. शेकडो वर्षांमागे कुणीतरी शेवटचं कापड पिळून काढलं होतं आणि रंग माझ्या बोटाला लागला. मी तिथेच बसलो आणि रडलो, खरं सांगतो. चार दिवस हात खिशात घालून हिंडत होतो, ऑफिसात कुणाला दिसू नये म्हणून.

ताई : आणि वर येऊन लिहिलंत, ‘जागा रिकामी’.

अप्पा : लिहिलं.

ताई : का?

अप्पा : वखारीच्या मागे खोल्या होत्या, आठवतात तुला? ओळीनं. वखारीत राबणारी माणसं तिथे राहायची. मी गल्ली दाखवली असती तर पहिली पाटी त्या खोल्यांवर लागली असती. ‘संरक्षित जागा’. त्याच्या आदल्या वर्षी नदीकाठी मी अशीच पाटी लावली होती. मोठ्या हौसेनं. पेपरात फोटो आला. एका आठवड्यात सगळी वस्ती उठवली. नंतर तिथे काय झालं? काही नाही. गवत वाढलं. वस्तीतली एक बाई पुढे मला बाजारात भेटली. भांडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. म्हणाली, साहेब, तुम्हाला सापडलं ना तुमचं काय ते? मग झालं. त्या ‘झालं’नं माझी झोप उडवली. दुसऱ्यांदा माझ्याच्याने होईना.

धाकटी : खोल्यांतली माणसं शेवटी उठलीच, अप्पा. आमच्या साहेबांनी उठवली, एका सहीत.

अप्पा : उठली, पण पोरांची लग्नं तिथे झाली, नातवंडं झाली. अर्धं आयुष्य मिळालं त्यांना. मी तेवढ्यावर समाधान मानत आलो.

ताई : आणि आम्ही काय मानायचं? तुमच्या एका वाक्यावर हिनं नाव पणाला लावलं. शेरा वाचून मी ही जागा यादीत शेवटी टाकली होती. आणखी एक वर्ष गेलं असतं तर हिच्याच मशीनने सगळे रांजण फोडले असते, आणि तुम्ही घरी बसून पेपर वाचत असता.

अप्पा : नसतो वाचत. हिच्याकडे गेलो होतो मी.

धाकटी : तळघर सरकवायला! सरळ सांगितलं असतंत तर? मला वाटलं, बाप लेकीचं काम बघायला आला. किती दिवस त्याच आनंदात होते मी.

अप्पा : काम पण बघितलं गं. चांगलं होतं.

धाकटी : आता नका सांगू.

ताई : अप्पा, एक विचारू?

अप्पा : मी आल्यापासून तेच तर चाललंय तुझं, विचार.

ताई : त्याच वर्षी आपण नव्या घरात राहायला गेलो.

धाकटी : ताई!

ताई : हिची दुसरी, माझी आठवी. भाड्याच्या दोन खोल्या सोडल्या आणि गच्चीचं घर झालं. मला नीट आठवतं, कारण मला पहिल्यांदा दाराला कडी असलेली खोली मिळाली. वखारवाल्याला कोबा घालायची घाई होती. तुमच्या शेऱ्यानं त्याचं भलं झालं. सांगा.

धाकटी : तू मुलगी आहेस की पोलीस?

अप्पा : थांब चिमे. तिला विचारू दे. घर कर्जाचं, खात्याच्या. तुमच्या आईच्या बांगड्या गेल्या त्यात. त्याचा एक पैसाही नाही.

ताई : मग?

अप्पा : दारं त्याची.

धाकटी : कुठली दारं?

अप्पा : घराची. सगळी. सागवानी. एक दिवस हातगाडी येऊन उभी राहिली. मी पैसे घेऊन गेलो, त्याने घेतले नाहीत. म्हणाला, साहेब, गरिबांची घरं वाचवलीत, दारं माझ्याकडून. तुमच्या आईला सांगितलं, लिलावात स्वस्त मिळाली. तिनं ती दर वर्षी तेल लावून पुसली. जाईपर्यंत कौतुक करायची, लिलावात काय माल मिळाला म्हणून. तिलाही कधी सांगितलं नाही.

ताई : शेरा आधी लिहिलात की दारं आधी आली?

अप्पा : शेरा आधी. नक्की आधी. पण दारं मिळतील असं मनात कुठे होतं का? वखारीत बसून त्याच्यासोबत रोज चहा पीत होतो, घराचं बोलणं निघायचं, लाकडाचे भाव निघायचे. ती बाजारातली बाई खरी आहे. ते ‘झालं’ खरं आहे. तरी कधी कधी दार लावताना मलाच कळत नाही, मी कुणासाठी लिहिलं.

धाकटी : माझ्या खोलीचं दार पावसाळ्यात फुगायचं. मी लाथ मारून उघडायची.

अप्पा : चांगलं करायचीस.

ताई : आता उद्याचं बोलू या. माझ्यापुढे तीन वाटा आहेत. नाणं लपवलं आणि जागा अख्खी म्हटलं, तर गल्ली वाचते.

अप्पा : तेच कर. दे ते नाणं इकडे, माझ्या खिशात जाऊ दे. ज्याचं त्याच्याकडे.

ताई : म्हणजे तुमच्या खोट्यावर माझं खोटं. आणि मला हिच्यावर जन्मभर लक्ष ठेवावं लागेल, साहेबांना हिनं सांगितलं की काय म्हणून.

धाकटी : मला वाटलंच होतं, गाडी फिरून माझ्या दारात येणार. सांगायचं असतं तर तू मला नाणं दाखवलंस तेव्हाच फोन लावला असता! माझी नोकरी वाचत होती त्यात. लावला का? नाही लावला. पण तुला ते दिसायचं नाही.

ताई : दिसलं. चुकलं माझं, चिमे.

धाकटी : बरं. पुढे बोल.

ताई : दुसरी वाट, नाणं दाखवलं आणि गप्प बसले. मग समिती म्हणेल, कुणीतरी उकरून नासलेली जागा, घाला तळघर. रांजण संपले. हिची खुर्ची राहिली.

धाकटी : आणि तिसरी मला कळली आहे. मला ती आवडत नाही.

अप्पा : मला पण कळली. जाणकाराने उकरलं, जागचं काही हलवलं नाही, नीट बुजवलं, आणि त्याने स्वतः येऊन तसं सांगितलं, तर जागा अख्खीच धरतात. नियम जुना आहे. समितीत तो घालायला मीच भांडलो होतो.

ताई : हलवलं नाही ना काही? खरं सांगा. एखादा तुकडा आठवण म्हणून? एखादं खापर?

अप्पा : नाही. चाळलेल्या मातीने रांजण गळ्यापर्यंत भरले, हाताने. मग वरची माती लोटली. एवढ्यावर तरी विश्वास ठेव.

ताई : ठेवायचा आहे मला. तुम्हाला कळत नाही किती ठेवायचा आहे.

धाकटी : ताई, अगं पुढच्या महिन्यात यांचा सत्कार आहे. खात्यातली सगळी जुनी मंडळी येणार आहेत. हार, शाल, भाषणं. उद्या हे समितीपुढे उभे राहून म्हणणार, मी खोटं लिहिलं होतं? मग कसली शाल नि कसलं काय?

अप्पा : शालीनं मला घाम येतो.

धाकटी : अप्पा, विनोद नको. लोक तोंडावर थुंकतील. समितीतले अर्धे तुमच्या खात्यातले, आणि समोर साहेबांचा वकील. सोडणार नाही तो तुम्हाला. माझं तर गेलंच, दोन्हीकडून गेलं, पण तुमचं कशाला जाऊ द्यायचं?

अप्पा : कारण ती तीन वाटा म्हणाली, पण चालण्यासारखी एकच आहे. तुला दिसतं आहे ते, म्हणून तर चिडली आहेस. समिती किती वाजता येणार?

ताई : दहाला.

अप्पा : इथपर्यंत रिक्षा येत नाही.

धाकटी : मी आणते तुम्हाला. माझ्या गाडीतून.

ताई : तुझ्या गाडीतून? साहेब असतील तिथे. बघतील.

धाकटी : बघू देत. गाडीचे हप्ते मी भरते, साहेब नाही. आणि नकाशे परत काढायची सवय आहे मला. इथे नाहीतर दुसरीकडे काढीन.

अप्पा : चिमे, दोरीपलीकडून हात दे. जरा खाली उतरतो.

धाकटी : आता? गुडघ्यांचं काय?

अप्पा : गुडघे ठीक आहेत. ताई, तुझी ती थापी दे इकडे. भिंत तू बरी काढली आहेस, पण राखेच्या खालची रेघ चुकली आहे. तिथे दोन थर आहेत, एक नाही.

ताई : मला एकच दिसतो.

अप्पा : ओला कपडा फिरव, मग दिसेल. असं. हे बघ. उद्या समितीतल्या त्या टकल्या गृहस्थानं हे विचारलं तर काय सांगणार होतीस? तो बारीक बघतो. मलाही सोडायचा नाही तो. कधी खणलं, कोण सोबत होतं, रांजण किती खोल, सगळं विचारेल.

ताई : खणल्याचं विचारेल. दारांचं त्याला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, आपल्या तिघांशिवाय.

अप्पा : विचारलं तर सांगणार.

ताई : आणि नाही विचारलं तर?

अप्पा : तर तू विचार.